अपघात वहीतला नवा रकाना : साइटवरच्या उन्हाळ्याच्या नोंदी

१८ मार्च

वर्धा रोडच्या पुढे, नागपूरच्या हद्दीवर आमची साइट. सात मजल्यांच्या दोन इमारती. एकीचा चौथा स्लॅब झालाय, दुसरी अजून प्लिंथच्या (जोत्याच्या) वर आलेली नाही. मी इथे सेफ्टी बघते. या उन्हाळ्यात एक वेगळं काम हाती घेतलंय : साइटवरचा उष्मा मोजायचा आणि तो अपघात वहीत लिहायचा. त्याच्या या नोंदी.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर शटरिंग (काँक्रीटचा साचा) खोलताना एक सुतार परांचीवरून पडला. खुबा मोडला. अपघात वहीत मीच लिहिलं : ‘तोल जाऊन पडला. बेल्ट अडकवलेला नव्हता.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण दुपारचे सव्वातीन वाजले होते, हे मी लिहिलं नाही. पडण्याआधी तो दोनदा खाली येऊन डोक्यावर पाणी ओतून गेला होता आणि दुसऱ्या वेळी जिना सोडून भलतीकडेच चालायला लागला होता. पाणी भरणाऱ्या पोराने हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेही वहीत गेलं नाही, कारण त्यासाठी रकानाच नव्हता.

‘बेल्ट अडकवलेला नव्हता’ हे तीन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. भरपाईच्या कायद्यात १९२३ पासून एक तरतूद चालत आलीय. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलेलं नसेल आणि कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून टाळल्यामुळे दुखापत झाली असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. त्या सुताराच्या प्रकरणात नेमके हेच तीन शब्द पुढे केले गेले. प्रकरण अजून लोंबकळतंय.

२२ मार्च

जुन्या दोन वह्या घेऊन बसले. मार्च ते जूनची पानं. ‘पाय घसरून’, ‘हात निसटून’, ‘ग्राइंडर लागून’, ‘चक्कर येऊन’. उष्माघात हा शब्द एकदाही नाही. वेळ बहुतेक ठिकाणी नाहीच. हजेरीबुक आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या जुळवून काही प्रसंगांच्या वेळा निघाल्या, बाकीच्यांच्या नाही निघाल्या. एवढ्यावरून काही सिद्ध करायला जाणं चूक होईल.

पण इतरांनी मोठ्या प्रमाणावर हे करून पाहिलंय. कॅलिफोर्नियातल्या २००१ ते २०१८ या काळातल्या कामावरच्या दुखापतींचे एक कोटीहून जास्त दावे संशोधकांनी त्या त्या दिवसाच्या तापमानाशी जुळवले. पारा ३२ अंशांच्या वर गेलेल्या दिवशी दुखापती गार दिवसांपेक्षा ६ ते ९ टक्क्यांनी जास्त निघाल्या. त्यातल्या फार थोड्या दाव्यांवर उन्हाचं नाव होतं. बाकी सगळं उंचावरून पडणं, गाडीचा धक्का, यंत्रात हात जाणं.

साइटवर उभं राहिलं की हे कसं घडतं ते दिसतं. घामाने पाना हातातून सुटतो. चष्म्यावर वाफ धरते म्हणून तो कपाळावर चढतो. बेल्टखाली घामोळं आलेलं असतं, म्हणून पट्टे सैल होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोकं मंद होतं. माणसाला वाटतं आपण ठीक आहोत.

२७ मार्च

पाचव्या स्लॅबची तयारी. रेडी मिक्स काँक्रीटची गाडी आली की क्वालिटीचा माणूस मालात थर्मामीटर खुपसतो. आयएस ७८६१ या भारतीय मानकात ४० अंशांच्या वरच्या हवेतलं काम म्हणजे उष्ण हवामानातलं काँक्रीटिंग. मग पाण्यात बर्फ घाला, खडीवर पाणी मारा, संध्याकाळनंतर ओता असे उपाय लागू होतात. प्रत्येक गाडीच्या चिठ्ठीवर तापमान, वेळ, सही. माल गरम असेल तर गाडी परत जाते. ही काळजी घ्यायलाच हवी, त्या स्लॅबखाली उद्या माणसंच राहणार आहेत.

आजच्या मीटिंगमध्ये एवढंच मागितलं : ज्या हातांनी तो माल पसरला जातो, त्यांच्यासाठीही अशीच चिठ्ठी. तापमान, वेळ, सही, आणि काम थांबवायचा अधिकार. उष्म्याचा मीटर घ्यायला मंजुरी मिळाली. थांबवण्याच्या अधिकारावर ‘बघू’ म्हणाले.

३ एप्रिल

मीटर आला. याला डब्ल्यूबीजीटी मीटर म्हणतात. साधा थर्मामीटर सावलीतल्या हवेचं तापमान सांगतो, पण सेंट्रिंगवर (स्लॅबच्या साच्यावर) उभा असलेला माणूस सावलीत नसतो आणि त्याला गार ठेवायला त्याच्या घामाशिवाय काही नसतं. म्हणून यात तीन मापं एकत्र करतात. ओल्या कापडाखालचं तापमान (घाम किती वाळू शकतो ते यातून कळतं) ७० टक्के, काळ्या गोळ्यातलं (ऊन आणि तापलेल्या वस्तूंची धग) २० टक्के, साध्या हवेचं १० टक्के. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात पोरं उन्हाने कोसळायला लागली, तेव्हा हे माप काढलं गेलं.

मीटरची खात्री करायला घरी दुसरा गोळा बनवला. टेबल टेनिसचा चेंडू, त्याला मॅट काळा रंग, आत थर्मामीटरचं टोक. दोन्ही तासभर शेजारी ठेवले. आकडे जवळ आले. ही खटपट मुद्दाम केली. २०२४ च्या मे अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, ते सगळ्यांच्या फोनवर फिरले आणि मग यंत्राचा दोष निघाला. चुकीच्या आकड्यावर काम थांबवलं, तर पुढच्या खऱ्या आकड्याला कोणी विचारणार नाही.

११ एप्रिल

पाणी. मला वाटलं होतं हा सगळ्यात सोपा भाग.

हिशेब साधा आहे. उन्हात दर १५–२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला साधारण एक लिटर. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि तासाला दीड लिटरच्या वरही जायचं नाही. प्रत्येक मजल्यावर माठ ठेवले, ओली पोती गुंडाळली, पाणी संपातून (जमिनीखालच्या टाकीतून) भरायचं ठरवलं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी अंघोळीलाही गरम असतं.

पुरुष प्यायला लागले. रेजा पीत नव्हत्या. घमेली वाहणाऱ्या बाया, सगळ्यात जास्त चढउतार त्यांची. दोन दिवस टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या सेफ्टीच्या छोट्या बैठकीत) समजावलं, माना हलवल्या, पाणी तसंच. आज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात जाऊन बसले. भंडाऱ्याकडची एक जण म्हणाली, “मॅडम, पाणी पेलं का मंग जा लागते. जाचं कुठी?”

साइटवरचं संडास मागच्या गेटला आहे, पुरुषांसोबत एकच, आणि दाराला आतून कडी नाही. दोन वर्षं मी या साइटवर आहे. ऑफिसची चावी माझ्या पर्समध्ये असते, म्हणून मला हे कधी दिसलं नाही. बाया सकाळी मजुरांच्या कॅम्पवरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत घोट-घोट पाण्यावर काढतात. लघवीच्या जळजळीबद्दल विचारलं, तेव्हा एकमेकींकडे बघून सगळ्याच गप्प झाल्या.

बायांसाठी दोन वेगळी संडासं, कडी, बादली, पाणी, आणि पोचायला दोन मिनिटांच्या आत. ही मागणी आजच लेखी दिली. माठ संडासांपासून ६ मीटरच्या बाहेर राहतील, कायद्यातही तेच आहे.

१६ एप्रिल

संडासं बसली. माठ आता दुपारी दोनदा भरावे लागतात.

आजची तारीख कोणत्याही सेफ्टीवाल्याच्या लक्षात राहावी. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यासाठी भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ माणसं उष्माघाताने गेली. नागपूरकर त्यावर म्हणाले होते, त्या दिवशी तिथे ३८ च्या आसपास तर होतं, आमच्याकडे ३८ ला कूलरही लावत नाहीत. तिथे समुद्राची दमट हवा होती. हा मुद्दा इथेही जूनमध्ये येणार आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

२१ एप्रिल

वेळापत्रकाची बैठक. ठेकेदार, दोन मुकादम, मी, प्रोजेक्टचे साहेब.

आंतरराष्ट्रीय मानकातला तक्ता (आयएसओ ७२४३) समोर ठेवला. उन्हाला सरावलेल्या माणसाने मध्यम कष्टाचं काम सलग करायची मर्यादा मीटरवर २८, जड कामाला २६. न सरावलेल्याला २६ आणि २३. आमच्याकडे आज सकाळी आठलाच २८ भरले. तक्ता जसाच्या तसा लावला तर मे महिन्यात नाश्त्यानंतर साइट बंद. ते कोणी करणार नाही, आणि बंद राहिली तर मजुरी बुडते ती कामगारांचीच. कतारने २०२१ पासून ३२.१ ला उघड्यावरचं काम पूर्ण थांबवायचा नियम केलाय, शिवाय १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन बंदी. मी तो ३२.१ चा आकडा धरला.

ठरलं ते असं : सकाळी साडेपाच ते साडेदहा, संध्याकाळी साडेचार ते साडेसात. २८ च्या वर गेलं की तासाला १५ मिनिटं सावलीत, ३० च्या वर अर्धा तास. ३२ ला काम बंद, कोणाला विचारायची गरज नाही.

खरा वाद विश्रांतीच्या पैशावर झाला. फिटर (सळई बांधणारे) आणि सेंट्रिंगवाले ठेक्यावर आहेत. सळईचा टनावर, सेंट्रिंगचा चौरस फुटावर दर. ज्याला बसल्यावर पैसे मिळत नाहीत, तो बसत नाही, त्याच्यापुढे कितीही पोस्टर लावा. उन्हाळ्यापुरता दर वाढवून त्यात विश्रांती धरा, यावर दोन तास गेले. शेवटी अर्धवट मान्य झालं : १५ जूनपर्यंत दर थोडा वाढवला, हजेरीवाल्यांची विश्रांती पगारी. दर अजून कमी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, ते मिनिट्समध्ये लिहायला लावलं.

यात बायांचं नुकसान झालं, ते मी आधी ओळखायला हवं होतं. साडेपाचला हजर व्हायचं म्हणजे साडेतीनला उठून चूल. कॅम्पवर सकाळच्या पोळीभाजीची सामायिक सोय करता येते का, ते विचारलंय.

२४ एप्रिल

लग्नसराई. माणसं गावाला जातात, आठ-पंधरा दिवसांनी येतात, आणि आल्या दिवशी पूर्ण कामाला लागतात.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने उघड्यावरच्या उष्माघाताच्या मृत्यूंचा मागोवा घेतला, तेव्हा त्यातले ५० ते ७० टक्के कामाच्या पहिल्या काही दिवसांतले निघाले. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात : घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडीवरचा ताण उतरतो. महिनाभर गावी राहिलं की ही सवय बरीचशी जाते. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम फक्त २० टक्के, मग रोज २० ने वाढ. जुना माणूस सुट्टीवरून परतला तर ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण.

नव्यांच्या आणि परतलेल्यांच्या हेल्मेटला पिवळी पट्टी लावायची. मुकादमाला लांबून दिसली पाहिजे.

७ मे

सकाळी ११.१०. मीटर ३१.७ (ओलं २४, गोळा ५४, हवा ४१). साडेदहाला काम बंद व्हायला हवं होतं. संध्याकाळच्या स्लॅबची जाळी बाकी होती, गाड्या बुक होत्या, म्हणून फिटरांची एक टोळी वर थांबली. मला कळवलं नाही.

मी जिन्यातून वर पोचले, तेव्हा तीन जण हसत होते. बालाघाटकडचा एक पोरगा जाळीवर वाकून बसला होता. हातात हुक, हुकात बाइंडिंग तार, आणि तो मनगट फिरवून तार आवळत होता. तिथे सळई नव्हती. दोन सळयांच्या मधल्या रिकाम्या चौकोनात तो गाठ मारत होता, तार सुटत होती, आणि तो पुन्हा तिथेच गाठ मारत होता. बाकीच्यांना वाटलं, मस्करी करतोय.

नाव विचारलं, बरोबर सांगितलं. वार विचारला, तर “घर” म्हणाला. शर्ट घामाने पिळून काढावा इतका ओला. हे मुद्दाम लिहिते, कारण घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असं आमच्याकडचे जुने मिस्त्रीही मानतात. कष्टाच्या कामात उष्माघात झालेला माणूस घामाने निथळत असू शकतो. खूण आहे ती वागण्यातली : बरळणं, अडखळणं, भलतंच करणं. तेवढं दिसलं की थर्मामीटर शोधत बसायचं नाही.

एप्रिलमध्ये तीनदा सराव केला होता, तो उपयोगी आला. चौघांनी उचलून खाली पार्किंगच्या सावलीत आणलं. बेल्ट, बूट, शर्ट काढला. निळी ताडपत्री पसरली, त्याला मधे झोपवलं, सहा जणांनी कडा उचलून धरल्या की त्याचा हौद होतो. संपातलं पाणी बादल्यांनी ओतलं. बर्फाच्या कारखान्यातून रोज सकाळी दोन लाद्या आणून भुशात ठेवतो, त्या घणाने फोडून आत टाकल्या. एक जण डोकं धरून पाण्याच्या वर, बाकीचे कडा हलवून पाणी अंगावरून फिरवत राहिले. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने केला.

तोंडात पाणी घालायला निघालेल्या मुकादमाचा हात धरावा लागला. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी कोणीतरी आणली, तिचाही उपयोग नाही. हा आजाराचा ताप नव्हे, ती गोळी इथे चालत नाही. शरीर ४० च्या वर गेलेलं असतं, ते अर्ध्या तासात ३९ च्या खाली आणायचं. आधी गार करायचं, मग दवाखान्यात हलवायचं.

वीस मिनिटांच्या आसपास तो थरथरायला लागला. मग डोळे उघडून त्याने पहिल्यांदा विचारलं ते त्याच्या हुकाबद्दल. कुणीतरी वर धावत जाऊन तो आणला आणि त्याच्या हातात दिला. अॅम्ब्युलन्स २५ मिनिटांनी आली. तोपर्यंत त्याला ताडपत्रीतच ठेवलं.

त्याच्या हेल्मेटला पिवळी पट्टी होती. भावाच्या लग्नाहून परतल्याचा दुसरा दिवस.

८ मे

पोरगा बरा आहे. मूत्रपिंडांच्या तपासण्या पुन्हा करायच्या आहेत, उष्माघातात स्नायू तुटून त्याचा भार तिथे येतो. कामावर कधी, ते डॉक्टर सांगतील. तोपर्यंतची हजेरी लावायची, हे मान्य करून घेतलं.

वहीत लिहिलं : वेळ ११.१०. मीटर ३१.७. परतल्याचा दुसरा दिवस, परवानगी ६० टक्के, प्रत्यक्ष काम साडेपाच तास सलग. थांबण्याची वेळ उलटून ४० मिनिटं. कारण : जाळी पूर्ण करण्याची सूचना. सूचना कोणाची, तेही लिहिलं. यावरून दुपारी बोलावणं आलं. ‘चक्कर आली’ लिहा म्हणाले. मी पान बदललं नाही.

शब्दाची किंमत कागदावर मोजता येते. नोंदणी असलेला बांधकाम कामगार कामावर असताना गेला, तर राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडून घरच्यांना ५ लाख रुपये. नैसर्गिक मृत्यू ठरला तर २ लाख. उन्हाने गेलेला माणूस बहुतेक वेळा ‘छातीत दुखून’ जातो. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्या टोळ्यांत तो किती जणांकडे आहे, ही यादी उद्यापासून.

आज संध्याकाळी साहेबांनी स्वतः टोळ्यांसमोर सांगितलं, ३२ ला शिट्टी वाजली की स्लॅब अर्धा असला तरी खाली या.

१९ मे

रात्री साडेदहाला कॅम्पवर गेले. पत्र्याच्या खोल्या, आत ३८. बाहेर ३३. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवलं नाही, तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच उसनवारीवर होते. निम्मे लोक बाहेर खाटांवर, बाया-पोरं आत.

पत्र्यांवर चुन्याचे दोन हात देतोय. अहमदाबादमध्ये झोपडपट्ट्यांच्या छतांवर हेच केलं. २०१० च्या मे महिन्यात तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, त्यानंतर २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्मा आराखडा आला. नागपूरचा आराखडा त्याच्याच वाटेने झालाय.

२७ मे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस. मीटर अकरालाच ३२ वर. शिट्टी रोज वाजते, कोणी कुरकुरत नाही. ताक, कैरीचं पन्हं, मिठाचं पाणी. पुष्कळांच्या खिशात कांदा असतो. मी तो काढायला सांगत नाही, पाण्याची बाटलीही लटकव म्हणते. नागपूरचा उच्चांक ४७.९, २३ मे २०१३. त्या दिवशी वरोऱ्याकडे साइटवर असलेल्या एका मिस्त्रीने सांगितलं, दुपारी सळई उचलायला हातमोज्यावर गोणपाट गुंडाळलं होतं.

६ जून

ज्याची भीती होती ते झालं. काल संध्याकाळी वळीव पडला. आज हवा ३८. सगळे खूश, मुकादम म्हणतो आता जुनं वेळापत्रक लावा.

दुपारी दोनची नोंद : ओलं २८.५, गोळा ४८, हवा ३८. मीटर ३३.४. मे महिन्यात ४४ अंश असताना ओलं २४, गोळा ५६, मीटर ३२.४ होता. पारा सहा अंशांनी उतरला आणि शरीरावरचा भार एक अंशाने चढला. हवेतच ओल आहे, घाम वाळत नाही, नुसता गळतो. दोन्ही दिवसांच्या नोंदी खडूने फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिल्या आणि टोळ्यांना जमवून दाखवल्या. खारघरचं सांगितलं.

वेळापत्रक तेच राहिलं. दर मात्र १५ जूनला उतरणार आहे. मॉन्सून स्थिरावेपर्यंत तो चालू ठेवा, असं पत्र दिलं.

९ जून

दुपारी ४.४०. तिसऱ्या मजल्यावर सुताराचा हात कटरच्या पात्याजवळ सरकला. हातमोजा फाटला, बोट वाचलं. मीटर ३१.८. रात्री लाइट नव्हती, दोन तास झोप. सगळं वहीत. पूर्वी अशा प्रसंगाची नोंदच होत नसे.

१७ जून

तीन दिवस पाऊस. मीटर २७. वाढीव दर ३० जूनपर्यंत चालू ठेवायचं लेखी आलं.

आज गेल्या वर्षीची वही काढली. मे महिन्याचं पान. जुन्या ओळीला हात लावला नाही. खाली आजच्या तारखेने पुरवणी नोंद लिहिली : ‘अपघाताची वेळ दुपारी ३.१५. कामगार सकाळी ८ पासून उन्हात. पडण्याआधी दोनदा खाली येऊन डोक्यावर पाणी ओतलं, दुसऱ्या वेळी दिशा चुकली. उष्म्याने भान गेल्याची शक्यता. ही माहिती मला दुसऱ्या दिवशीच मिळाली होती, मी नोंदवली नव्हती.’ पाणी भरणाऱ्या पोराची साक्ष त्याच्याच शब्दांत खाली घेतली, त्याने अंगठा न लावता सही केली. पानाची प्रमाणित नक्कल सुताराच्या वकिलाला पाठवली. पुढची तारीख ४ जुलै. मी जाणार आहे.